गेलं ते पाणी कोणतं?

जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर उभी हयात हिशेब लिहून निवृत्त झालेले एक मुनीम होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना कुणाला काही द्यायला कधी मागेपुढे पाहत नसत, पण दिलेलं वहीत लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. भाजीवाल्याकडे राहिलेले सुटे पैसे वहीत, आणि धुळ्याला दिलेल्या लेकीकडे एसटीनं धाडलेला लोणच्याचा डबाही वहीत. परत मागायचं म्हणून नव्हे. हाताला वळणच तसं पडलेलं.

नातवानं एके दिवशी हट्ट धरला, मला नेमो पाहिजे. ‘फाइंडिंग नेमो’ २००३ साली आला तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. पण नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला तो मासा पिढ्या ओलांडून पोरांच्या मनात घर करून बसलाय. नाना म्हणाले, “आणू. पण आधी मला समजून घेऊ दे.”

गप्पी, गोल्डफिश जळगावात सहज मिळतात. नेमो म्हणजे क्लाउनफिश मात्र खाऱ्या पाण्याचा. अंदमानाकडच्या प्रवाळांत राहणारा. आणि खानदेशातून सुरतेचा काय नि मुंबईचा काय, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मासा आणायचा तर आधी समुद्र घरात आणावा लागणार होता.

नानांनी दोनशे लिटरची टाकी बनवून घेतली. एका जोडीला शंभर लिटरही चालले असते, पण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पाणी जितकं जास्त तितकं ते हळू बिघडतं. ते खरंच होतं. हळू बिघडणारं लवकर दिसत नाही, हे मात्र सांगायचं राहिलं.

नळाचं पाणी वापरायचं नाही, बोअरचं तर नाहीच; आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात समुद्री मत्स्यालयासाठीचं तयार मीठ कालवायचं. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही असतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. नाना ते तोलूनमापून घेत, पाण्यात हायड्रोमीटर धरत आणि काटा १.०२५ वर आला की वहीत लिहीत.

टाकी भरली, पण मासे आणले नाहीत. शेजारचे डोकावून जात. “नाना, मासे कुठेत?” नाना म्हणत, “पाणी मुरतंय.” माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू खडकांवर आणि गाळणीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. बहुतेकांचे मासे मरतात ते या आठवड्यांत, कारण टाकी आली त्याच संध्याकाळी त्यांना मासा पाहिजे असतो. नाना थांबले. रिकाम्या टाकीत चिमूटभर दाणे टाकत राहिले, आणि चाचणीच्या नळीत अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्यावर आल्यावरच त्यांनी मुंबईचं तिकीट काढलं.

नवी मुंबईत त्यांचा भाचा होता. त्यानं मामांना आधी एक गोष्ट पटवून दिली. समुद्रातून धरलेला मासा घ्यायचा नाही. टाकीत जन्मलेला घ्यायचा. भारतात हे आता अवघड राहिलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं केरळात विळिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला क्लाउनफिशची पिल्लं टाकीत वाढवण्याचं तंत्र बसवलं. आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननं लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं ऐरोलीला सागरी शोभिवंत माशांची पैदास सुरू केली. टाकीत जन्मलेल्या पिल्लाला काच ठाऊक असते, दाणे ठाऊक असतात, माणसाच्या सावलीला ते बिचकत नाही. समुद्रातून ओढून आणलेला मासा वाटेतच निम्मा खचलेला असतो, आणि बरेचदा सोबत आजारही घेऊन येतो.

दुकानात मालकानं दोन टप्पोरे, सारख्याच आकाराचे मासे दाखवले. “नाना, हाच माल घ्या. एक नंबर.” नानांनी ते घेतले नाहीत. क्लाउनफिशचा संसार मोठा गमतीचा आहे. पिल्लं सगळी नर म्हणून वाढतात. गटात जो सगळ्यात मोठा, तो मादी होतो. त्याच्या खालोखालचा तिचा नर. बाकीचे लहानच राहतात. मादी गेली तर तिचा नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. एकदा मादी झालेला मासा मात्र पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन मोठे मासे एका टाकीत सोडले तर दोन्ही माद्या निघण्याची शक्यता असते, आणि मग एकीचा जीव जाईपर्यंत भांडण. नानांनी दोन कोवळी पिल्लं मागितली. एक थोडं मोठं, एक थोडं लहान. नातवाला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो हसून म्हणाला, “म्हणजे माशांच्या घरीपण आजीचंच चालतं!”

पैसे देण्याआधी नानांनी माशांना समोर खायला घालायला लावलं. जो मासा दुकानात खात नाही तो घरी आल्यावर खाईलच याचा भरवसा नसतो. डोळे स्वच्छ आहेत का, पर फाटलेत का, अंगावर पांढरी बुकटी किंवा चिकट साय आहे का, कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात का, सगळं पाहिलं. क्लाउनफिश पोहतानाच डुलत डुलत पोहतो. ते आजारपण नव्हे, हेही ते वाचून आले होते. मालकानं हळूच विचारलं, “जिवंत प्रवाळ देऊ का? टाकी खुलून दिसेल.” नाना म्हणाले, “नको रे बाबा. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मी तुरुंगात गेल्यावर मासे कोण सांभाळणार?” समुद्रफूलही त्यांनी घेतलं नाही. समुद्रात क्लाउनफिश त्याच्या डंखाच्या आडोशाला राहतो खरा, पण नव्या टाकीत समुद्रफूल तगत नाही, आणि शत्रूच नसलेल्या टाकीत माशाला त्या आडोशावाचून अडतही नाही.

निघताना मालकानं विचारलं, “किती वर्षं सांभाळणार?” नाना गोंधळले. मालक म्हणाला, “दहा वर्षं तर सहज जगतात. त्याहून जास्तही. विचार करून न्या.” आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दुकानदारानं उधारी न विचारता मुदत विचारली होती. नानांनी ते वाक्यही वहीत लिहिलं.

रात्रीच्या गाडीनं थर्माकोलच्या पेटीतून मासे जळगावला आले. सलाईनच्या नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडून नानांनी त्यांना नव्या पाण्याची सवय लावली आणि मग सोडलं. हिवाळा सुखात गेला. दर रविवारी नाना वीस लिटर पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी भरत. काचेचं झाकण असल्यामुळे एरवी पाणी फारसं उतरतच नसे. मासे नातवाला ओळखू लागले. तो समोर आला की दोघेही काचेला येऊन भिडत.

मग जळगावचा उन्हाळा आला. इथं पारा पंचेचाळिसाला टेकला तरी कुणी त्याची बातमी करत नाही. खोलीतली हवा चाळीस, टाकीतलं पाणी एकतीस. क्लाउनफिशला चोवीस ते सत्तावीस अंश बरं. पाणी थंड करणारं यंत्र फार महाग. हनुमान जयंतीला नानांनी टाकीचं झाकण काढलं आणि पाण्यावर वारा मारणारे दोन लहान पंखे बसवले. खानदेशातल्या माणसाला कूलरचं तत्त्व शिकवावं लागत नाही. कोरड्या हवेत पाणी उडालं की मागे गारवा राहतो. दोन दिवसांत पाणी सत्तावीसवर आलं. नाना खूश झाले.

पण आता पाणी उतरू लागलं. रोज तीन लिटर. नानांनी काचेवर मार्करनं रेघ मारली आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी भरायचा नेम धरला. खाऱ्या पाण्यातला मासा, तेव्हा खारंच पाणी. बादलीत मीठ कालवायचं, हायड्रोमीटर धरायचा, काटा १.०२५ वर आला की ओतायचं आणि वहीत लिहायचं. एक दिवस चुकला नाही.

आठवडा दीड आठवडा गेला आणि थोरली मासोळी खाईना. मग धाकटाही कोपऱ्यात जाऊन बसला. कल्ले भराभर हलत होते. नानांनी अमोनिया तपासला, शून्य. नायट्राइट, शून्य. दाणे बदलले, गाळणी धुतली, हवेचा पंप वाढवला. कुणीतरी औषध सांगितलं, ते मात्र त्यांनी टाकलं नाही. वही पुन्हा पुन्हा चाळली. पानभर एकच आकडा, १.०२५, १.०२५, १.०२५. चूक सापडेना. मग काळजीपोटी सकाळसंध्याकाळ रेघ पाहू लागले, आणि बोटभर पाणी उतरलेलं दिसलं की लगेच भरू लागले.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. खानदेशात आखाजीला घराघरातली लेक माहेरी येते. नव्या घागरीत पाणी भरून पितरांना घागर घालतात, सांजोऱ्या होतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. नानांच्या घरी त्या वर्षी दोन लेकी आल्या. एक नानांची, धुळ्याहून, कडेवर दोन वर्षांची पोर. दुसरी नानांच्या वडिलांची. म्हणजे नानांची फुई. शिरपूरकडे तापीकाठच्या गावात उभा जन्म शेतीत काढलेली, पंच्याहत्तरी उलटलेली. माहेर तिचंही हेच.

लेक गप्प गप्प होती. नानांनी आल्या आल्या तिच्या हातात नव्या साडीचा पुडा ठेवला. ती हसली, “नाना, कशाला?” आणि पुडा पिशवीत तसाच ठेवून दिला.

दुपारी फुई टाकीसमोर बसली होती. तिनं टाकीच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. तिनं ते जिभेला लावलं.

“मीठ शे हाई,” ती म्हणाली. “नाना, तू रोज कोनतं पानी टाकस?”

“खारंच टाकतो फुई. मोजून.”

“आनि गयं ते कोनतं व्हतं?”

नाना तिच्याकडे पाहतच राहिले.

“पानी उडस, मीठ उडत नही,” फुई म्हणाली. “आमना वावरमा बी असंच व्हयनं.”

तिच्या वावराची गोष्ट खानदेशात नवी नाही. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं पिकं घेतली की पाणी उन्हानं उडतं, काही पिकं पितात, क्षार मात्र मातीतच राहतात. उन्हाळ्यात वावर वरून पांढरं दिसू लागतं आणि शेवटी पीक उगवेनासं होतं. ठिबकच्या तोंडाशीही तेच साचतं, म्हणून केळीवाला नळ्यांतून अधूनमधून आम्ल सोडतो. चांगदेवला तापीला मिळणारी पूर्णा तर वऱ्हाडातल्या आख्ख्या खारपाणपट्ट्यातून येते. फुईनं फक्त माती पाहिली होती. टाकी तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

नानांची नजर कोपऱ्यातल्या कूलरकडे गेली. त्याच्या ताट्यांवर बसलेला पांढरा थर ते दर वर्षी स्वतः खरवडून काढत. ते उठले आणि त्या दिवसापर्यंत एकदाही न केलेली गोष्ट त्यांनी केली. हायड्रोमीटर बादलीत न धरता टाकीत धरला. त्याची पट्टी १.०३० ला संपत होती. काटा तिच्याही पुढं जाऊन टेकला.

मुनीम माणूस, हिशेब तोंडीच झाला. अठरा दिवस, रोज तीन लिटर, लिटरला पस्तीस ग्रॅम. अठराशे नव्वद ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन किलो मीठ त्यांनी आपल्या हातानं त्या दोन जीवांच्या अंगावर ओतलं होतं. रविवारी वीस लिटर पाणी बदलत, म्हणून तरी ते तगले होते. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. पण सगळे आकडे बादलीचे होते. जन्मभर दुसऱ्यांची शिल्लक काढणाऱ्या माणसानं घरच्या खात्यात नुसती जमा लिहिली होती. शिल्लक एकदाही काढली नव्हती.

नातू म्हणाला, “सगळं पाणी काढून गोडं भरू या!” नानांनी त्याचा हात धरला. चढलेलं मीठ एका दमात उतरवलं तर तोही मासे आणि जिवाणू दोघांना धक्काच. रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं गोडं पाणी घालायचं आणि काटा टाकीत धरून पाहायचा. आठवडाभरात काटा १.०२५ वर आला. त्याआधीच, चौथ्या की पाचव्या दिवशी, थोरलीनं दाणा उचलला, आणि तिनं खाल्लेलं पाहून धाकटाही वर आला. पुढं नानांनी गोड्या पाण्याचा कॅन टाकीच्या वरच्या फळीवर ठेवून तीच सलाईनची नळी जोडली. जितकं उडेल तितकंच थेंब थेंब आत, आणि तेही बिनमिठाचं.

पण गोष्ट इथं संपत नाही. नाना त्या रात्री वहीचं पान उलटायला बसले आणि वही मागच्या बाजूनं उघडली. तिकडं धुळ्याचं खातं होतं. मिक्सर. टेबल पंखा. गावरान तुपाचा डबा. पाळणा. पाच हजार. परत पाच हजार. साडी. प्रत्येक नोंदीसमोर तारीख. त्या तारखा नानांना आठवत होत्या. ज्या ज्या दिवशी फोनवर लेकीचा आवाज उतरलेला वाटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत काहीतरी चढलं होतं. दोन वर्षांत एकही नागा नाही.

लेक गच्चीवर पोरीला थोपटत बसली होती. नाना शेजारी जाऊन बसले. “बेटा,” ते म्हणाले, “तुझं काय कमी झालंय?”

“काही नाही नाना. सगळं आहे. घर भरलंय.”

“भरलंय ते मला ठाऊक आहे. मीच भरलंय. काय कमी झालं ते विचारतोय.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी शाळा सोडली नाना. ही झाली तेव्हा. सहा महिन्यांसाठी म्हणून सोडली. हिला कोण पाहणार? सासूबाईंचे गुडघे गेलेत. मुलांना शिकवण्यात जीव रमायचा माझा. दोन वर्षं झाली, शाळा कशी चाललीय म्हणून एकानंही विचारलं नाही. मिक्सर आला त्या दिवशी वाटलं होतं, आता तरी विचाराल.”

नानांनी तिला काही दिलं नाही. कसलं वचनही नाही. फक्त विचारत गेले: शाळा किती वाजता, किती दिवस, परत घेतील का, घरचे काय म्हणतील. लेक सांगत गेली. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा लेक अर्ध्या वेळेच्या कामावर रुजू झाली. तीन दिवस शेजारच्या काकू पोरीला पाहत, आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी नाना जळगावहून धुळ्याला जात. पहिल्या खेपेला नानांच्या बायकोनं दारात थांबवून विचारलं, “हात हलवत निघालात? काही नेत नाही लेकीला?” नाना म्हणाले, “ती मागत नाही तोवर नाही.” देवपुरात व्याही आधी थोडे अवघडले, बाप लेकीच्या घरी पोर सांभाळायला येतो, लोक काय म्हणतील? दिवाळीपर्यंत तेच दुपारी नानांबरोबर पोरीला पांझरेच्या पुलापर्यंत फिरवून आणू लागले.

नानांनी वही सोडली नाही. सवय जाते थोडीच? फक्त प्रत्येक पानावर एक रकाना वाढवला. आधी दोनच होते, काय दिलं आणि कधी दिलं. आता त्यांच्या आधी तिसरा आला: काय उणं होतं. तो रकाना दुसऱ्याला विचारल्याशिवाय भरता येत नाही. त्यामुळं पुढचे दोन्ही पुष्कळदा रिकामेच राहतात, आणि नानांना त्याची खंत वाटत नाही.

तात्पर्य: उणं भरण्याआधी उणं काय झालं ते विचारावं. आपल्या हाती जे भरपूर आहे तेच समोरच्याला कमी पडलंय असं धरून चालणारी माया मोजून मापून, नेमानं, एक दिवसही न चुकता मीठच वाढवत राहते.